गिरितलीची पहिली पेटी

नालानने तो जांभळा दिवा बोर्नोवाहून आणला तेव्हापासून निगार आब्लाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वखारीच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी अंजिरं मिठाच्या गरम पाण्यातून काढत, तिथे खिडक्यांना काळं कापड ठोकून नालानने दिवसाढवळ्या अंधार केला होता. आब्ला त्या दारावरून जायची ती सवतीच्या दारावरून जावं तशी, मान फिरवून. सवत तिला कुठून असणार, लग्नच केलं नाही तिने. पण तिचा संसार या वखारीशी होता, हे आमच्या जर्मेनजिक गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

ती माझी थोरली नणंद. माझा नवरा केनान आणि थोरले दीर रिफत तिला आब्ला, म्हणजे ताई, म्हणतात, म्हणून मीही म्हणते. रिफतची मुलगी नालान तिला हाला म्हणते, म्हणजे आत्या. आणि टेबलाशी बसणाऱ्या बायका नुसतं 'ती' म्हणतात. 'ती आली' असं कोणी पुटपुटलं की गप्पा थांबतात आणि बोटं चालायला लागतात.

तो दिवस पहिल्या पेटीचा होता. आमच्या घरची रीत अशी, की हंगामातली पहिली पेटी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने एकटीने भरायची, आणि एकदा भरली की ती कोणी तपासायची नाही. झाकणाला खिळे ठोकायचे आणि हॅम्बुर्गला जाणाऱ्या मालाच्या सगळ्यांत वर ठेवून द्यायची. माझे सासरे ताहिर म्हणायचे, बाकीच्या पेट्या उघडा, हवं तर नाक मुरडा, पण ही पेटी म्हणजे आमचा शब्द. शब्द कोणी फोडून बघतं का?

गेल्या हिवाळ्यात मात्र आमचा शब्द परत आला. अंजिराला एक बुरशी धरते, तिचं विष ना डोळ्याला दिसत, ना नाकाला कळत, ना जिभेला. ते आमच्या मालात सापडलं. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने सांगून टाकलं, की यापुढे प्रत्येक अंजीर जांभळ्या दिव्याखालून गेलं पाहिजे, बुरशीचं फळ त्याखाली अंधारात चमकतं; पहिल्या पेटीसकट, नाहीतर आपला रामराम. दुसरीकडे इझमीरचे एक बडे निर्यातदार वखार आणि वखारीचं नाव दोन्ही विकत घ्यायला टपून बसले होते. त्यांचा माणूस सोमवारी उत्तर न्यायला येणार होता. सासऱ्यांनी वखार तिन्ही मुलांच्या नावे ठेवलेली. दोघांनी मान हलवली की व्यवहार झाला. केनानला विकायची होती. रिफतना दिवा चालवून वखार टिकवायची होती. राहिली आब्ला, आणि तिचं म्हणणं होतं, "विकणार नाही. आणि माझ्या पेटीला दिवाही दाखवणार नाही."

"मग कुलूप लावू या," रिफत म्हणाले होते. त्यावर तिने चहाचा पेला असा आपटला, की बशीला तडा गेला.

तर त्या सकाळी आब्ला हात धुऊन टेबलाशी बसली. तिला पेटी भरताना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, आणि अजून माझी नजर हलत नाही. एक अंजीर उचलायचं, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणायचं, देठाकडची बाजू आत दुमडायची, चपटं करून ओळीत शेजारच्याला टेकवायचं. बोटं मधून मधून मिठाच्या पाण्यात बुडवायची. दोन ओळींमध्ये तमालपत्र. ती अंजिराकडे बघतही नसे. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर आणि सगळं काम बोटांत. जे फळ तिला पटलं नाही ते बाजूला पडायचं, आणि का पडलं हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

आणि हे सगळं कोणाच्या घरात? ज्यांना अंजिराचा धंदा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं त्यांच्या. ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकांची अदलाबदल झाली तेव्हा सासरे क्रीट बेटावरच्या कांदियाहून बोटीने इकडे आले, कडेवर दूधपिती निगार. निघून गेलेल्या कोणा ग्रीक कुटुंबाची ही वखार आणि बाग सरकारने त्यांना दिली. सासरे सात पिढ्यांचे ऑलिव्हवाले. पहिल्याच मोसमात त्यांनी काठ्या घेतल्या आणि ऑलिव्ह झोडपावं तशी अंजिराची झाडं झोडपून काढली. सगळं गाव कुंपणाला टेकून हसत होतं. अंजीर झाडावरच सुकतं, मन होईल तेव्हा आपण होऊन खाली पडतं, आणि ते पडेपर्यंत माणसाने गप्प बसायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना तर इथली भाषाही धड येत नव्हती. 'गिरितली, गिरितली', म्हणजे क्रीटवाला, असं म्हणून लोक चिडवायचे. दोन-चार वर्षांत त्याच माणसाने पेटीवर नाव छापलं: गिरितली. ज्या शिवीने हिणवलं तीच पेटीवर वाचून लोक माल घेऊ लागले. मला या माणसाचं अजून नवल वाटतं.

केनान अकराच्या सुमारास आला. वखारीत तो म्हणजे उंबराचं फूल. आयदिनला त्याचं पंपांचं दुकान आहे, तिथे तो रमतो. आला तो थेट जेवणावर. आब्लाने रानातल्या पाल्याची भाजी ऑलिव्हच्या तेलात परतून ठेवली होती, शेजारी चीज आणि पाव.

"पुन्हा गवत?" तो म्हणाला.

"शेतात गाय आणि क्रीटवाला शिरले," रिफतनी सुरुवात केली.

"आधी क्रीटवाल्याला हाकल, गायीचं पोट तरी कधीतरी भरेल," नालानने पुरं केलं. हा विनोद या घरात इतक्यांदा झाला आहे, की हसणं हाही जेवणाचाच भाग आहे. आब्लासुद्धा हसली. मला वाटलं, चला, हवा बरी आहे. तेवढ्यात नालान म्हणाली, "हाला, जेवण झालं की एकदा फक्त आत येऊन बघ. तुझ्या पेटीला हात लावत नाही. दुसरी अंजिरं दाखवते."

"मी तुझ्या वयाची होते तेव्हा डोळे मिटून अंजीर निवडत होते."

"म्हणूनच म्हणते. तिथेही डोळे मिटल्यासारखंच असतं."

"जीभ बघा पोरीची," आब्ला म्हणाली आणि पावाने ताट पुसू लागली. विषय मिटला.

जेवणानंतर भाऊ बाहेर हापशाशी गेले. तिथे काय झालं ते दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं. या घरात पोटातलं ओकायला मीच एक बादली आहे. रिफत म्हणाले, त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि धाकट्या भावाकडे न बघता बोलून टाकलं, "संध्याकाळपर्यंत ती दिव्याला हो म्हणाली नाही तर मी तुझ्या बाजूने. विकू."

केनान म्हणाला, आपण वर्षभर जे मागत होतो ते मिळालं, तरी आनंद होईना. त्याने सिगारेट पेटवली आणि विझवून टाकली.

"तू थकलास का?" त्याने विचारलं.

"तिच्याशी भांडायला थकलो. आई गेल्यावर ती आई झाली होती आपली, केनान. आईशी किती भांडायचं?"

"तुझी झाली होती," केनान म्हणाला.

रिफतना ते नवं नव्हतं. घरात एक निळा पत्र्याचा डबा असायचा, अजूनही आहे. ज्या अंजिराच्या डोळ्याशी, म्हणजे बुडाच्या भोकाशी, मध बाहेर येऊन थेंब होऊन थांबतो, इतकं मऊ की दाबून पेटीत बसवता येत नाही, ते फळ आब्ला कधीच विकत नसे. बापासाठी त्या डब्यात ठेवायची. बापानंतर थोरल्या भावासाठी. लहानपणी केनानने एकदा डब्यात हात घातला, तर तिने सगळ्या बायकांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. बावन्न वर्षांचा झाला माझा नवरा, पण ती थप्पड अजून त्याच्या गालावर आहे. लोकांना वाटतं तो पैशाला भुलला. मला ठाऊक आहे, त्याला ती वखार नजरेसमोर नको होती.

तरी मी त्याला हापशाजवळ गाठून सांगितलं, "मी तुझ्या बाजूची नाही हं या वेळी. नालानचं बरोबर आहे."

"तू पण?"

"मी पण. बायको केली आहेस, शिक्का नाही केलास."

तो वळला आणि आत गेला. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाही धड सांगता येत नाही. बहुधा आब्लावर दया आली असावी, आणि आमच्या घरात दया आली की माणूस हमखास चुकीचं बोलतो. आब्ला पेटीवर शेवटची तमालपत्रं ठेवत होती. केनान तिच्याशेजारी बसला आणि कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "आब्ला, तू म्हणतेस तेच कर. जाऊ नकोस त्या खोलीत. ठोक खिळे. नाव स्वच्छ आहे तोवर विकून मोकळे होऊ."

आब्लाचा हात थांबला.

"स्वच्छ आहे तोवर?"

"म्हणजे, लोक मानतात तोवर."

"माझ्या पेटीत काय आहे असं वाटतं तुला?"

"मी कुठे म्हणालो काही आहे?"

"पोतंभर अंजिरं नासवलीस एका शब्दात," ती म्हणाली. उठली, पेटी कमरेवर घेतली आणि मागच्या खोलीकडे चालू लागली. टेबलाशी बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत उठल्या आणि तिच्या मागे निघाल्या. मी, रिफत, केनान, सगळेच निघालो. नालान धावत पुढे झाली.

दार लागलं आणि काही दिसेना. नालानने बटण दाबलं. आधी वाटलं, काहीच झालं नाही. मग एकेक करून बायकांच्या डोक्यावरचे रुमाल उजळले, निळसर पांढरे, जणू चांदणं धुऊन वाळत घातलं आहे. कोणीतरी बिस्मिल्ला म्हणालं तर तिचे दात चमकले. रिफतच्या शर्टाची बटणं, केनानची कॉलर, माझ्या एप्रनची शिवण, सगळं जिवंत झालं. माणसं गेली आणि नुसते कपडे उभे राहिले.

"ठेव," आब्ला म्हणाली.

नालानने पेटीतली ओळ उचलून दिव्याखाली मांडली. अंजिरं काळी-जांभळी, मुकाट. दुसरी ओळ तशीच. तिसरीही तशीच. केनानने सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. आणि चौथ्या ओळीत, अगदी मधोमध, एक अंजीर पेटलं.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. हिरवट पिवळं, काजव्यासारखं, पण काजवा मिणमिणतो आणि हे स्थिर होतं. नालानने ते नखाने उकललं, तर आत त्याहून जास्त उजेड. प्रत्येक बी वेगळी दिसत होती. अंजिराचं फूल कोणाला दिसत नाही, ते आत फुलतं, एवढीशी माशी डोळ्यातून आत शिरते, पंख दारातच गमावते आणि फळ धरवून तिथेच मरते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण अंजिराचं पोट इतकं मोठं असतं, एका गावासारखं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"चमकलं म्हणजे विष आहेच असं नाही," नालान घाईघाईने म्हणाली. "पण ते काढायचं. धोका घ्यायचा नाही."

"हे मी स्वतः निवडलं," आब्ला म्हणाली. "हाताला लोण्यासारखं लागलं होतं."

पेटीत तसं आणखी एक निघालं. मला वाटलं, आता ही बाहेर जाईल आणि पुन्हा कधी वखारीत पाऊल ठेवणार नाही. ती बाहेर गेली खरी. दारातून उन्हाची पट्टी आत आली, आणि ती परत आली तेव्हा तिच्या हातात निळा डबा होता.

रिफत पुढे झाले. "आब्ला, राहू दे ते."

"बाजूला हो."

तिने टाचेने दार लोटलं आणि डबा टेबलावर उपडा केला.

मी देवभोळी बाई नाही. पण त्या क्षणी मी मनातल्या मनात जे येत होतं ते सगळं म्हटलं. डब्यातली निम्मी अंजिरं पेटली होती. टेबलभर हिरवट पिवळे ठिपके, काही फिके, काही डोळ्यात खुपतील असे, आणि मधाचे थेंबसुद्धा उजळलेले. आब्लाच्या बोटांना जे लागलं होतं तेही चमकत होतं. तिने तळवे उलटून पाहिले.

"किती सुंदर आहे गं," आब्ला म्हणाली.

तिला सगळ्यात आधी तेच वाटलं, हे मी कधी विसरणार नाही. मलाही तेच वाटलं होतं, आणि त्याची लाज वाटून मी गप्प होते.

मग ती म्हणाली, "नालान. तुझ्या आजोबांचे डोळे शेवटी हळदीसारखे पिवळे झाले होते. यकृत, म्हणाले डॉक्टर. त्यांना हे मी रोज देत होते. सकाळी, दुधाबरोबर."

नालान शिकलेली मुलगी आहे, आणि खरं बोलायची आहे. तिला खोटं बोलायचं होतं, ते मला तिच्या पांढऱ्या बाहीवरून कळलं, ती उगाच दिव्याची वायर चाचपत होती.

"हाला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांना तरुणपणी हिवताप होता, राकी पिणंही होतं. यामुळेच असं म्हणता येत नाही."

"यामुळे नाही असंही म्हणता येत नाही."

"नाही येत."

आब्लाने मान हलवली. तिला उत्तर नको होतं, फसवणूक नको होती एवढंच. "रिफत, उद्या इझमीरला जाऊन रक्त तपासून घे."

"मी इतकी वर्षं पचवतोय हे, बघ की," रिफत म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. अंधारात त्यांनी मुलीचा हात शोधून धरला होता. बापलेकीच्या दोन बाह्या एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या.

केनान दाराशी उभा होता, हात कडीवर. मी त्याची वाट बघत होते. आता तो म्हणेल, झालं ना, विका. बोलला तो अगदी हळू.

"मला कधी दिलं नाहीस त्यातलं."

"नाही दिलं," आब्ला म्हणाली. "एकदा तू घेतलंस, तर मी मारलं तुला. बायका होत्या समोर. आठवतं मला, तुला वाटतं मी विसरले." ती थांबली. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त रुमाल. "तू त्यातून सुटलास म्हणून अल्लाचे आभार मानू, की तुला दिलं नाही म्हणून रडू, मला कळत नाही रे. पन्नास वर्षं मी या घरात प्रेम वाटत होते, आणि मला वाटत होतं मला दिसतंय कोणाला काय वाढते आहे ते."

कोणी तरी नाक ओढलं. बायका रडत होत्या, आणि अंधारात त्यांना लपवायचं काही कारण नव्हतं. मीही रडले. मला भीती वाटत होती, रिफतसाठी वाटत होती, मेलेल्या सासऱ्यांसाठीसुद्धा वाटत होती, आणि तरी त्या टेबलावरून माझी नजर हटत नव्हती. इतक्या वर्षांचं आमचं घर तिथे मांडून ठेवलं होतं, गोडासकट आणि विषासकट, आणि एका पोरीच्या बटणाने ते दिसू लागलं होतं.

"आब्ला," केनान म्हणाला, "चल बाहेर. पुरे झालं. तू नको करूस हे."

"मग कोण करेल? इझमीरवाले?" तिने पायाने स्टूल ओढलं आणि बसली. "ते नाव विकत घेतील. डबा कोण बघेल?"

आणि ती कामाला लागली. चमकणारं डावीकडे, मुकं उजवीकडे. या वेळी ती भिंतीकडे बघत नव्हती. प्रत्येक फळ डोळ्याजवळ धरत होती, दोन्ही बाजूंनी फिरवत होती. सावकाश, नवशिक्या पोरीसारखी. मला ते बघवत नव्हतं, आणि त्याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही. सहासष्ट वर्षांची बाई, जिच्या बोटांना सगळी पंचक्रोशी घाबरत होती, ती आपली बोटं बाजूला ठेवून पहिल्यापासून शिकत होती.

एक अंजीर तिने बराच वेळ धरून ठेवलं. काळंभोर, मऊ, डोळ्याशी थेंब. फिरवून पाहिलं. मधोमध उकललं. आत अंधार होता, स्वच्छ. तिने ते नालानपुढे धरलं. नालानने वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

"केनान. हात कर."

तो हलला नाही. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. तो टेबलापर्यंत आला आणि त्याने हात पुढे केला. तिने त्याच्या तळव्यावर अंजीर ठेवलं आणि त्याची मूठ मिटवली.

"नीट बघितलंस ना?" त्याने विचारलं.

"दोन्ही बाजूंनी. आणि आतूनही."

त्याने खाल्लं. सगळी खोली बघत होती, तेवढे उजळलेले रुमाल त्याच्याकडे वळलेले.

"गोड आहे," मग तो म्हणाला. बाहीने तोंड पुसून तो पुढे म्हणाला, "सोमवारी त्या इझमीरवाल्याशी मी बोलतो. चहा पाजून परत पाठवतो."

बाहेर पडायला त्याने दार उघडलं. आब्लाने मान वर केली नाही. तिने पुढचं अंजीर उचललं होतं, आणि केनानने अर्धवट उघडलेल्या दारातून दुपारचं ऊन टेबलावर पडत होतं. त्या उन्हात सगळीच अंजिरं सारखी दिसत होती.

"आधी दार लाव," ती म्हणाली. "उजेड आला की काही दिसत नाही."